पहिला शंकरपाळा: क्रॉस स्टिच शिकायला बसताना

क्रॉस स्टिच म्हणजे आपला फुलीटाका. कापडावर एक घर, घरात एक फुली, तिच्या शेजारच्या घरात दुसरी. चित्रकला यावी लागत नाही, शिवणाचा हात असावा लागत नाही. मोजता मात्र यावं लागतं. ठिपक्यांची रांगोळी ज्याला जमते त्याला हे जमतं. मी शाळेत चित्रकलेत जेमतेम काठावर पास होणारा मुलगा होतो, आणि आज माझ्या घरी भिंतीवर चार फ्रेमा आहेत, त्या मी भरलेल्या. यात कलेपेक्षा हिशेबाचा वाटा मोठा, हे एकदा पटलं की निम्मी भीती जाते.

आणि हे काही परकं प्रकरण नाही. आमच्या आईच्या रुखवतात मॅटीच्या कापडावर भरलेले दोन पोपट होते. ते आधी रेडिओवर बसले, मग टीव्हीवर, आणि शेवटी फ्रिजच्या दांडीवर आले. इरकलीवरची कसुती तर तुम्ही पाहिलीच असेल. धारवाडकडची ही कला छाप न काढता, कापडाचे धागे मोजूनच भरतात. तिच्यात चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. यातला मेंथी हा चक्क फुलीटाका. कन्नडात मेंत्या म्हणजे मेथी; तिच्या दाण्यावरून हे नाव. तेव्हा कोणी 'हे काय फॉरेनचं खूळ' म्हणालं तर आजीची इरकल काढून दाखवा.

खाली मी एकच छोटं काम शेवटपर्यंत सांगणार आहे: नऊ शंकरपाळ्यांची पुस्तकखूण. एकच रंग, २२५ फुल्या. ऑनलाइन मिळणारी चाळीस रंगांची राधा-कृष्णाची किटं पहिल्यांदा घेऊ नका. ती अर्धवट सोडून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेली मी निदान पाच घरांत पाहिली आहेत, त्यातलं एक घर माझं.

खरेदी

पुण्यात मेट्रोने मंडई स्टेशनला उतरलात की तुळशीबाग चालत. लेस, बटणं, सुया, दोऱ्यांच्या लड्या विकणारी दुकानं तुळशीबागेत आहेत, लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्ल्यांत आहेत, आणि थोडं पुढे रविवार पेठेतही. शनिवारी-रविवारी संध्याकाळी जाऊ नका, दोऱ्याचा रंग बघायला उभं राहायलाही जागा मिळत नाही. शिवाय रंग दिवसाउजेडी बघावा. दुकानाच्या पांढऱ्या दिव्यात जो निळा वाटतो तो घरी आल्यावर जांभळा निघतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हाचा संवाद असा:

"काका, मॅटी आहे का?"

"आहे ना. कुठली? वहिनींना फोन लावून विचारा, नाहीतर परत यावं लागेल."

"मलाच हवी आहे."

त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं, मग काउंटरखालून लाकडी पट्टी काढून माझ्या हातात दिली. "मग मोजून घ्या. नंतर तक्रार नको."

त्या पट्टीचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही. मी मान डोलावली आणि न मोजताच अर्धा मीटर घेऊन आलो. ती पट्टी कशासाठी होती ते आता सांगतो.

कापड दोन प्रकारचं मिळतं. एक आपली नेहमीची मॅटी: मऊ, स्वस्त, टेबलक्लॉथ आणि तोरणांसाठी वापरतात ती. दुसरं आयडा: जरा कडक, आणि प्रत्येक घराच्या चारही कोपऱ्यांना सुई जाईल अशी स्वच्छ भोकं असलेलं. आयडावर 'काउंट' लिहिलेला असतो. १४ काउंट म्हणजे एका इंचात १४ घरं. ११ काउंटची घरं मोठी, १८ची बारीक. आकडा वाढला की घर लहान, हे सुरुवातीला सगळ्यांचं उलटं होतं. नवख्याने १४ घ्यावा. डोळे साथ देत नसतील तर ११, त्यात लाज कसली.

मॅटी घेणार असाल तर पट्टी लावून एका इंचातली घरं आडवी मोजा आणि तशीच उभीही मोजा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. मी आणलेल्या तुकड्यात आडवी ९ आणि उभी ११ घरं होती. मी त्यावर तीन आठवडे तुळशी वृंदावन भरलं. कागदावर डौलदार दिसणारं वृंदावन कापडावर बसकं झालं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं. टाके सगळे बरोबर होते. चूक कापडात होती, आणि पट्टी तर माझ्या हातात दिलेली होती.

दोरा म्हणजे सहा पदरी सुती रेशीम. त्याला आपल्याकडे रेशीम म्हणायची पद्धत आहे, पण असतो तो सूतच. अँकरची लडी सगळीकडे मिळते, ८ मीटरची. फ्रान्सची डीएमसी ही १७४६ पासूनची कंपनी. तिचा दोराही मिळतो, पण महाग. परदेशी नमुने बहुतेक डीएमसीच्या नंबरांवर काढलेले असतात, मग तक्त्यावरून अँकरचा जवळचा नंबर शोधावा लागतो. उदाहरणार्थ डीएमसीचा काळा ३१०, तोच अँकरमध्ये ४०३. हे तक्ते नेटवर फुकट आहेत. जुळणारा नंबर म्हणजे तंतोतंत तोच रंग नव्हे, जवळचा, एवढं ध्यानात ठेवा आणि एका चित्रात दोन्ही कंपन्या मिसळू नका. लडीवरची नंबराची कागदी पट्टी फेकू नका. दोरा मध्येच संपला तर तीच तुमचा एकमेव पुरावा.

सुई बोथट टोकाची हवी, मोठ्या नेढ्याची. दुकानात टॅपेस्ट्री सुई म्हणून मागा. १४ काउंटला २४ नंबर. नेहमीची टोकदार सुई भोकातून न जाता धागा फोडून जाते, आणि बोटही फोडते. बाकी पाच इंचांची लाकडी रिंग, लहान कात्री, बस. प्लास्टिकच्या रिंगेत कापड सैल पडत जातं असा माझा अनुभव, पण रिंगेशिवाय नुसतं हातात धरून भरणारेही पुष्कळ आहेत.

यादी हातात देऊन टाकतो: क्रीम रंगाचं १४ काउंट आयडा, गडद निळ्या दोऱ्याची एक लडी, २४ नंबरची सुई, रिंग. लाल दोरा पहिल्या कामाला नको, कारण पुढे धुण्याच्या वेळी येईल.

कापड तयार करणं

आपला एक शंकरपाळा म्हणजे सात ओळी: १, ३, ५, ७, ५, ३, १ फुल्या. एकूण २५. असे नऊ शंकरपाळे एका रांगेत, दोघांच्या मध्ये एक घर रिकामं. म्हणजे लांबी ६३ अधिक ८, ७१ घरं. याला १४ने भागा: पाच इंच आणि वर थोडं. उंची सात घरं, म्हणजे अर्धा इंच. कुठल्याही नमुन्याचा आकार असाच काढायचा, घरं भागिले काउंट. चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्तीचं कापड हवं. म्हणून नऊ बाय सात इंचांचा तुकडा कापा. उंचीला मुद्दाम जास्त धरलंय, नाहीतर रिंगेत कापड पकडायला काही उरत नाही.

आयडाचे काठ हाताळून हाताळून सुटतात. यावर पुण्यात सोपा उपाय आहे: प्रत्येक गल्लीत 'पिको-फॉल' लिहिलेली पाटी असते. तिथे तुकडा देऊन चारही बाजूंना इंटरलॉक मारून घ्या. आमच्या इथल्या ताईंनी पहिल्यांदा विचारलं, "रुमाल का?" आता विचारत नाहीत. घरीच करायचं तर रंगकामाची कागदी चिकटपट्टी काठांना लावा, काम झालं की तेवढी कड कापून टाका.

आता मध्य काढायचा. कापडाची एकदा उभी, एकदा आडवी घडी घाला. घड्या जिथे छेदतात तो मध्य. तिथे दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने एक सैल टाका घालून ठेवा. धुतल्यावर जाणारी पेनं मिळतात, पण त्यांच्या खुणेवरून चुकून इस्त्री फिरली तर ती पक्की होऊन बसते. मोठ्या कामात दर दहा घरांवर धावदोरा घालून चौकटी आखतात. कंटाळवाणं काम आहे, पण नंतरचे तास वाचतात. आपल्या शंकरपाळ्यांना त्याची गरज नाही.

पहिली फुली

लडीतून सुमारे ९० सेंटिमीटर दोरा कापा. त्यातून एकच पदर काढायचा. टोकाशी सहा पदर फुलवा, एक चिमटीत धरा आणि सरळ वर ओढा. बाकीचे पाच गोळा होतील, घाबरू नका, पदर निघाला की ते आपोआप उलगडतात. दोन पदर एकदम ओढलेत की गुंता ठरलेला.

हा एक पदर मधोमध दुमडा. कापलेली दोन्ही टोकं सुईत ओवा. आता एका बाजूला सुई, दुसऱ्या बाजूला फास. १४ काउंटला दोन पदरांनी भरतात, ते असे आपोआप दोन झाले, आणि गाठही मारावी लागणार नाही. गाठ मागून टोचते, इस्त्रीत फुगते आणि फ्रेममध्ये उठून दिसते.

भरायला मधल्या, म्हणजे पाचव्या शंकरपाळ्याच्या सात फुल्यांच्या ओळीपासून सुरुवात करू. मध्याचं घर ही त्या ओळीची चौथी फुली. तिथून डावीकडे तीन घरं मोजा, ते पहिलं घर.

सुई कापडाच्या मागून त्या घराच्या डाव्या-खालच्या भोकातून वर काढा. पूर्ण ओढू नका, मागे फास बोटभर राहू द्या. समोरच्या उजव्या-वरच्या भोकातून सुई खाली घाला. आता कापड उलटून बघा: फास लोंबतोय. सुई त्या फासातून काढा आणि हलकेच ओढा. दोरा पक्का बसला. सुलट बाजूला एक तिरकी रेघ दिसते, ती अर्धी फुली.

दुसरी अर्धी लगेच घालू नका. पुढच्या घराच्या डाव्या-खालच्या भोकातून वर, उजव्या-वरच्यातून खाली. अशा सात तिरक्या रेघा एकामागे एक. मग परतीचा प्रवास: सातव्या घराच्या उजव्या-खालच्या भोकातून वर, डाव्या-वरच्यातून खाली, मग सहावं, पाचवं, असं पहिल्यापर्यंत. परतताना फुल्या एकेक करून पूर्ण होत जातात, ते बघायला मजा येते.

उलट बाजूला आता लहान उभ्या काड्यांची रांग दिसली पाहिजे. तिथे तिरके धागे दिसत असतील तर कुठेतरी भोक चुकलंय.

नियम एकच, पण तो मोडलेला लगेच कळतो: सगळ्या फुल्यांची वरची रेघ एकाच दिशेला. दोऱ्यावर उजेड पडतो तो या वरच्या रेघेवर. एखादी फुली उलटी पडली तर ती डागासारखी वेगळी चमकते. यातली एक गंमत मला फार उशिरा कळली. भरताना कापड अर्धं फिरवलं, म्हणजे वरची बाजू खाली केली, तरी दिशा तीच राहते. पाव फिरवलं की बिघडते. म्हणून कापडाच्या वरच्या काठाला एक रंगीत टाका घालून ठेवा, टीव्ही बघत भरणाऱ्यांनी तर नक्कीच.

सातची ओळ झाली की वरच्या ओळीत दोन्हीकडून एकेक घर सोडून पाच, मग तीन, मग एक. टोक झालं. खाली यायला दोरा उघडा ओढून आणू नका. सुई मागच्या काड्यांच्या खालून सरकवत सातच्या ओळीपर्यंत आणा आणि खाली पाच, तीन, एक भरा. शंकरपाळा तयार. आता थांबून मोजा: २५ आल्या? मधल्या आडव्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सात घरं भरली आहेत? प्रत्येक शंकरपाळ्यानंतर मोजलंत तर फार तर २५ फुल्या उसवाव्या लागतील. शेवटी मोजलंत तर सगळ्याच.

पुढच्याकडे जाताना मागच्या काड्यांखालून सुई उजव्या टोकाला आणा, एक घर सोडा, सुरू करा. एखाद-दुसरं घर मागून ओलांडलं तर चालतं. तीन-चार घरांपेक्षा लांब उडी नको, गडद दोरा क्रीम कापडातून सावलीसारखा दिसतो. दोरा बोटभर उरला की मागच्या चार-पाच टाक्यांखालून ओवून कापून टाका. नवा दोरा परत फास करून.

हात बसेपर्यंत

भोकं ताणून मोठी दिसायला लागली की समजा, दोरा जास्त आवळताय. फुली घरावर नुसती टेकली पाहिजे.

वीस-पंचवीस टाक्यांनंतर दोऱ्याला पीळ पडतो आणि मध्येच बारीक गाठ बसते. सुई सोडून दोऱ्यावर लोंबू द्या, ती भिंगरीसारखी गरगरते आणि पीळ जातो. गाठ पडलीच तर ओढू नका. सुईच्या टोकाने तिच्या फासात शिरून सैल करा, दहातल्या आठ सुटतात.

उसवताना सुलट बाजूने दोरा कापायचा आणि उलट बाजूने तुकडे ओढायचे. राहिलेला निळा पिंजा चिकटपट्टीने टिपून घ्या. उसवलेला दोरा पुन्हा वापरायचा मोह होतो. नका वापरू, तो केसाळ झालेला असतो.

मोठ्या चित्रात, पानांच्या गर्दीत एखादी फुली इकडची तिकडे झाली तर मी सोडून देतो. शंकरपाळ्यात मात्र नाही. सरळ रेघेची नक्षी चूक लपवत नाही.

माझा पहिल्या तासाचा वेग साठेक फुल्यांचा होता, म्हणजे ही पुस्तकखूण चार संध्याकाळींची. लडी कितीशी लागेल? दोन पदरांनी १४ काउंटवर एका लडीत दीड हजार फुल्या आरामात होतात, त्यामुळे उरेल भरपूर.

पुण्याच्या पावसाळ्यासाठी दोन सूचना. काम ठेवताना सुई कापडात टोचून ठेवू नका. जुलैमधली ओल दोन आठवड्यांत गंज आणते आणि गंजाचा तांबूस ठिपका नंतर जात नाही. रिंगही रोज काढून ठेवा, नाहीतर तिचं मळकट वर्तुळ बसतं. कापड प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती अभ्र्यात ठेवा.

धुणं आणि पूर्ण करणं

हाताचा घाम, तेलकटपणा कापडात उतरलेलाच असतो, तो आज दिसत नसला तरी पुढे पिवळा पडतो. म्हणून धुवा. गार पाणी, रिठ्याचं पाणी किंवा लोकरीच्या कपड्यांचा सौम्य साबण, दहा मिनिटं बुडवून. चोळायचं नाही, पिळायचं नाही.

रंग सुटला तर? मी संक्रांतीच्या आधी लाल फुलांची एक चौकट धुतली आणि क्रीम कापड गुलाबी व्हायला लागलं. घाबरून मी ते काढून दोरीवर वाळत घातलं. तीच घोडचूक. वाळला की रंग बसतो. त्याऐवजी गार पाणी बदलत राहायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत, दहा वेळा लागलं तर दहा वेळा, आणि तोवर कापड वाळू द्यायचं नाही. गडद लाल वापरायचाच असेल तर आधी दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा.

धुतल्यावर कापड पंच्यात गुंडाळून दाबा, पाणी निघून जाईल. मग कोरड्या जाड पंच्यावर भरलेली बाजू खाली ठेवून मागून इस्त्री. सरळ फुल्यांवर इस्त्री फिरवली तर त्या चपट्या होतात.

पुस्तकखुणेसाठी: नक्षीच्या डाव्या-उजव्या टोकापासून चार घरं सोडून उभा उलटटाका (प्रत्येक टाका मागच्याच्या टोकाला भिडणारा) घाला. त्याच्या बाहेर अर्धा इंच ठेवून जास्तीचं कापड कापा आणि तेवढ्या भागातले उभे धागे सुईने एकेक ओढून काढा. सुरेख झालर होते. वरच्या आणि खालच्या बाजूला नक्षीपासून तीन-तीन घरं सोडून कापड मागे दुमडा, जास्तीचं कापून हेम घाला. झाली.

पुढे कधी फ्रेम करून घ्यायची वेळ आली तर फ्रेमवाल्याला आधीच सांगा, 'गोंद लावू नका, दोऱ्याने ताणून बसवा'. मी सांगितलं नव्हतं. आता माझं बसकं वृंदावन पुठ्ठ्याला कायमचं चिकटलेलं आहे, आणि गोंदाचा पिवळा डाग बरोबर तुळशीच्या मागून वर आलाय.

त्यानंतर काय

डीएमसीच्या साइटवर फुकट नमुने आहेत, पाच-सहा रंगांचे निवडा. पण मला विचाराल तर दुसरं काम स्वतःचं करा: आपलं नाव, आपल्या अक्षरात. रोमन अक्षरांचे तक्ते हवे तेवढे मिळतात, देवनागरीचे शोधत बसावं लागतं. आलेख कागद घेऊन स्वतः आखलेले बरे. मी असं मोजतो: शिरोरेषेला एक ओळ, अक्षराच्या अंगाला आठ, वर मात्रा-वेलांटीला चार, खाली उकाराला चार. सतरा ओळी, १४ काउंटवर सव्वा इंच. सरावाला 'पुणे' हा शब्द उत्तम, त्यात खालचा उकारही आहे आणि वरची मात्राही. शिरोरेषा सगळ्यात आधी भरून टाका, मग अक्षरं तिला टांगायची. म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर चुकत नाही. उकाराची गोलाई फुल्यांनी पायऱ्यापायऱ्यांची दिसते, तिच्या कडेने एका पदराचा उलटटाका फिरवला की नीट होते.

रफार मात्र पहिल्या महिन्यात नको. माझ्या 'सूर्य'वरचा रफार आत्याला अजूनही सुटलेला दोरा वाटतो. घरी आली की दर वेळी ती चष्मा लावून त्याला नख लावून बघते.